सॅम्पल फ्लॅट शेवटी बघा: बडोद्यात परवडणाऱ्या घरांचे नियम आणि तुमच्या घराची किंमत

बडोद्यात घर बघायला निघालेलं मराठी कुटुंब बहुतेक वेळा सॅम्पल फ्लॅटपासून सुरुवात करतं. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी किंवा बाबाजीपुऱ्यातलं जुनं घर भावंडांत वाटलं जातं, हातात थोडी रक्कम येते आणि रविवारी गोत्री, भायली, बिल, वेमाली, वाघोडिया रोड अशी फेरी सुरू होते. साइट ऑफिसात स्वयंपाकघराचा ओटा, टाइल्स आणि बाल्कनी बघून मन ठरतं. पण इमारत किती मजली होणार, पार्किंग किती मिळणार, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काय उभं राहणार आणि फ्लॅटचा भाव कुठवर खाली येऊ शकतो, हे ओटा बसण्याच्या खूप आधी ठरलेलं असतं. ते ठरवतात जमिनीचा झोन, टीपी स्कीम, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण), त्याचा दर आणि परवडणाऱ्या घरांसाठी केलेल्या तरतुदी. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने चालतो: आधी जमीन, मग इमारत आणि फ्लॅट सगळ्यात शेवटी.

गरिबांच्या घरांची जागा कुठून येते

पुण्या-नाशिकचे नातेवाईक सल्ला द्यायला तत्पर असतात. पण या एका बाबतीत त्यांचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही. महाराष्ट्रातल्या दहा लाखांवरच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर गृहप्रकल्प करणाऱ्या बिल्डरला २० टक्के हिस्सा ३० ते ५० चौरस मीटरच्या छोट्या घरांसाठी ठेवावा लागतो. तिथे बोजा एकेका प्रकल्पावर पडतो.

गुजरातने दुसरी वाट धरली. गुजरात नगररचना आणि शहरी विकास कायदा, १९७६ मधलं कलम ४० वाचा. टीपी स्कीम म्हणजे नगररचना योजना (भागातल्या जमिनी एकत्र घेऊन, काही भाग कापून, उरलेले प्लॉट मालकांना परत देणारी) आखताना स्कीमच्या एकूण क्षेत्राच्या १० टक्के, किंवा शक्य तितकी त्याच्या जवळ, जागा सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घरांसाठी राखण्याची तरतूद त्यात आहे. त्याच कलमात रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा आणि मोकळ्या जागांसाठी ५ टक्के, शाळा-दवाखाना-अग्निशमन अशा सोयींसाठी ५ टक्के आणि प्राधिकरणाने विकून खर्च भरून काढावा म्हणून १५ टक्क्यांपर्यंत जागेची तरतूद आहे. बेरीज ५० टक्क्यांपर्यंत जाते. प्रत्यक्षात बहुतेक स्कीममध्ये जमीनमालकाची कपात ४० टक्क्यांच्या आसपास ठेवतात आणि दुर्बल घटकांची जागा त्यातच सामावून घेतात.

थोडक्यात, इथे गरिबांच्या घरासाठी जमीन देतो तो स्कीममधला प्रत्येक शेतकरी, प्रत्येक प्लॉटमालक. बिल्डर नंतर येतो. त्याच्या हातात पोचणाऱ्या जमिनीतून ती कपात आधीच झालेली असते. मला ही पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण जमीन वेळेवर आणि नकाशावर दिसेल अशी मिळते. मात्र राखलेल्या जागेवर घरं वेळेत उभी राहिली नाहीत, तर वर्षानुवर्षं ती मोकळी पडून राहते आणि शहराला तिचा काहीच उपयोग होत नाही. हा धोका खरा आहे आणि त्याबद्दल नागरिकांनी विचारत राहायला हवं.

अहमदाबादेत रिंग रोडला लागून परवडणाऱ्या घरांसाठी स्वतंत्र निवासी पट्टा आखला गेला. तिथला दाखला बडोद्याच्या चर्चेत सर्रास दिला जातो. बडोद्यात मात्र घर शोधणाऱ्याने मुख्यतः दोन गोष्टींकडे बघायचं: टीपीमधली राखीव जागा आणि छोट्या घरांना मिळणारा एफएसआयचा सवलतीचा दर.

पहिली पायरी: सर्व्हे नंबर मागा आणि झोन तपासा

साइटवर गेल्यावर पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. गाव कोणतं, सर्व्हे नंबर किंवा ब्लॉक नंबर कोणता, टीपी क्रमांक आणि फायनल प्लॉट नंबर काय, एवढं लिहून घ्या. हे सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे परत जायचं कारण नाही.

मग झोनिंग सर्टिफिकेट आणि पार्ट प्लॅन (आराखड्याचा त्या जागेपुरता नकाशा) काढा. महापालिकेच्या हद्दीतली जमीन असेल तर महानगर सेवा सदनाच्या नगररचना शाखेतून, हद्दीबाहेरची असेल तर वुडाकडून, म्हणजे बडोदा शहरी विकास प्राधिकरणाकडून. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा आणि वडदला ही गावं २०२० मध्ये महापालिकेत आली. त्यामुळे या भागातल्या इमारतींचे जुने कागद वुडाचे आणि नवे कागद महापालिकेचे असू शकतात. दोन्ही ठिकाणी चौकशी करावी लागली तर कंटाळू नका.

सर्टिफिकेटवर काय शोधायचं? आर-१ म्हणजे शहराला लागून असलेला दाट निवासी झोन. आर-२ मध्ये घरं बांधता येतात, पण कमी घनतेने. शेती झोन असेल तर तिथे फ्लॅटची स्कीम होत नाही, कोणी कितीही सांगो की ‘झोन बदलायचा अर्ज टाकलाय’. अर्ज आणि मंजुरी यांच्यात अनेक वर्षं जाऊ शकतात. गामतळातली, म्हणजे आपल्या भाषेत गावठाणातली जमीन असेल तर तिथले नियम वेगळे असतात आणि रस्ते अरुंद असतात, हे धरून चाला. विकास आराखड्यात शाळा, रस्ता किंवा अन्य सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलंय का, हेही त्याच कागदांवरून कळतं.

दुसरी पायरी: टीपी कुठल्या टप्प्यावर आहे

ही पायरी लोक सर्वांत जास्त टाळतात आणि नंतरचा त्रास बहुतेक इथूनच सुरू होतो.

टीपी स्कीम तीन टप्प्यांतून जाते: ड्राफ्ट, प्रिलिमिनरी, फायनल. शेतकऱ्याची मूळ जमीन म्हणजे ओरिजिनल प्लॉट, बोलीत ओपी. कपात होऊन, आकार सरळ होऊन, रस्त्यावर दर्शनी भाग मिळून जी परत मिळते ती फायनल प्लॉट, म्हणजे एफपी. ड्राफ्ट मंजूर झाल्यावर शासन नगररचना अधिकारी नेमतं. तो एकेका मालकाला ऐकून हद्दी ठरवतो आणि प्रिलिमिनरी स्कीम शासनाकडे पाठवतो. प्रिलिमिनरी मंजूर होईपर्यंत एफपीच्या हद्दी बदलू शकतात. म्हणून ड्राफ्ट टप्प्यावरच्या प्लॉटवर इमारत उभी राहत असेल तर विचारा: ज्या हद्दीवर नकाशा पास झाला ती आजच्या टीपी नकाशाशी जुळते का? कंपाउंड वॉल आणि एफपीची रेषा यांत फरक पडला, तर भांडण सोसायटीच्या गळ्यात येतं. बिल्डर तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

मागायचा कागद म्हणजे एफ फॉर्म. यात ओपीचं क्षेत्र, एफपीचं क्षेत्र, मूळ किंमत, विकसित किंमत आणि मालकाने भरायची रक्कम असते. या रकमेला इथे सगळे बेटरमेंट चार्ज म्हणतात. कायद्यानुसार स्कीममुळे जमिनीच्या किमतीत झालेल्या वाढीच्या अर्ध्या रकमेपर्यंत ती आकारता येते. बेटरमेंट कोणी भरायचं, बिल्डरने की पुढे सोसायटीने, हे बानाखतात (विक्रीच्या करारात) स्पष्ट लिहून घ्या. तोंडी ‘आमचंच आहे ते’ चालत नाही.

आता शेजारच्या प्लॉटबद्दल. टीपीच्या नकाशात तुमच्या एफपीच्या आजूबाजूला बाग, शाळा, प्राधिकरणाचा विक्रीचा प्लॉट किंवा दुर्बल घटकांच्या घरांचा प्लॉट असं लिहिलेलं दिसेल. शेवटचं वाचून बरीच कुटुंबं मागे फिरतात. त्यांना मी मनापासून सांगेन की तसं करू नका. त्या प्लॉटवर घरं झाली की पाण्याची लाइन, गटार, रस्ता, सिटी बस, अंगणवाडी हे सगळं त्या रस्त्याला लागण्याची शक्यता वाढते, कारण महापालिकेला ती वस्ती चालवायची असते. तुमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला आणि सोसायटीच्या चौकीदाराला चालत येता येईल इतक्या अंतरावर घर मिळणं हा त्या टीपीचा हेतूच आहे. काळजी करायची असेल तर विक्रीच्या प्लॉटची करा. त्या जागेचा लिलाव होऊ शकतो आणि आज तुमच्या बाल्कनीतून दिसणारं आकाश उद्या दहा मजल्यांनी झाकलं जाऊ शकतं.

तिसरी पायरी: एफएसआयचा हिशेब स्वतः मांडा

घराची किंमत खरी ठरते ती इथे. थोडा वेळ कागद-पेन घेऊन बसा.

गुजरातचे एकत्रित विकास नियंत्रण नियम २०१७ पासून लागू आहेत. बडोद्यासारख्या मोठ्या शहरांत आर-१ झोनमध्ये मूळ एफएसआय १.८ आहे आणि पैसे भरून आणखी ०.९ घेता येतो, म्हणजे कमाल २.७. आर-२ मध्ये मूळ १.२, विकत ०.६, कमाल १.८. विकत घ्यायच्या एफएसआयचा दर जंत्रीच्या (शासनाने ठरवलेल्या जमिनीच्या दराच्या) ठरावीक टक्केवारीने लागतो आणि छोट्या घरांना ती टक्केवारी कमी असते. ही टक्केवारी शासनाच्या अधिसूचनांनी बदलत आली आहे, म्हणून नकाशा पास झाला त्या दिवशीचा दर बघायचा. जंत्रीचंही तसंच. २०११ पासून चालत आलेले जमिनीचे दर १५ एप्रिल २०२३ पासून दुप्पट झाले. त्याआधीच्या आणि नंतरच्या प्रकल्पांच्या खर्चात यामुळे मोठा फरक पडला.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शेतकऱ्याची १०,००० चौरस मीटर जमीन टीपीत गेली, ४० टक्के कपात होऊन ६,००० चौरस मीटरचा एफपी मिळाला. समजा बिल्डरने तो १२ कोटींना घेतला.

आर-१ मध्ये मूळ १.८ ने १०,८०० चौरस मीटर बांधकाम होतं. जमिनीचा खर्च प्रत्येक चौरस फूट बांधकामामागे साधारण १,०३२ रुपये पडतो. २.७ पर्यंत गेला तर बांधकाम १६,२०० चौरस मीटर होतं आणि जमिनीचा खर्च सुमारे ६८८ रुपयांवर येतो. तोच प्लॉट आर-२ मध्ये असता तर मूळ १.२ ने फक्त ७,२०० चौरस मीटर बांधकाम झालं असतं आणि जमिनीचा खर्च फुटामागे सुमारे १,५४८ रुपये पडला असता. सिमेंट, सळई, मजुरी सगळं तेच असूनही नुसत्या झोनच्या अक्षराने फुटामागे एवढं अंतर पडतं. परवडणारी घरं आर-२ मध्ये क्वचित दिसतात आणि बंगले-डुप्लेक्स जास्त दिसतात, त्यामागे हा हिशेब आहे.

आता विकतचा एफएसआय. जादा ०.९ म्हणजे ५,४०० चौरस मीटर. समजा जंत्री चौरस मीटरला १५,००० रुपये आहे आणि दर ४० टक्के, तर भरायची रक्कम ३ कोटी २४ लाख. छोट्या घरांसाठी दर १० टक्के धरला तर ८१ लाख. फरक २ कोटी ४३ लाखांचा. तो सगळ्या १६,२०० चौरस मीटरवर पसरला तर ६० चौरस मीटर बांधकामाच्या एका घरामागे ९०,००० रुपये होतात. हे दर समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण तुमच्या प्लॉटची जंत्री आणि त्या दिवशीची टक्केवारी घातली की तुमचा आकडा निघेल.

हा हिशेब समजला की नकाशात एक गोष्ट आपोआप दिसू लागते. सवलतीच्या मर्यादेच्या अगदी अलीकडे थांबणारी घरं बिल्डर मुद्दाम काढतो. त्यात गैर काही नाही, सवलत त्यासाठीच आहे. गैर आहे ते पुढचं: कागदावर दोन छोटी घरं दाखवून मधली भिंत काढून तीन बेडरूमचं एक घर म्हणून विकणं. असा जोडफ्लॅट स्वस्त वाटला तरी घेऊ नका. बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी) दोन घरांची असते, वेराबिल (घरपट्टीची बिलं) दोन येतात, कर्ज देताना बँक अडते आणि पुढे विकताना ग्राहकाचा वकील हाच मुद्दा काढतो. शिवाय परवडणाऱ्या घरासाठी शहराने सोडलेले पैसे त्यात वाया जातात.

मंजूर एफएसआय पूर्ण वापरता येईल का, हे रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतं, कारण इमारतीची कमाल उंची समोरच्या रस्त्यावरून ठरते. अरुंद रस्त्यावर उंची मिळत नाही, मग बिल्डर तेवढंच बांधकाम कमी मजल्यांत दाटीने बसवू बघतो. भाव थोडा कमी असतो, पण उजेड आणि पार्किंग दोन्ही कमी होतात. साइटसमोरचा रस्ता टीपीच्या नकाशात किती मीटरचा आहे ते बघा, मग प्रत्यक्ष पावलांनी मोजा. नकाशात १८ मीटर आणि जागेवर मातीची पायवाट असेल तर तो रस्ता कधी उघडणार, हे नगररचना शाखेत लेखी विचारा.

चौथी पायरी: ‘परवडणारं’ कोणाच्या हिशेबाने?

जाहिरातीत ‘अफोर्डेबल’ हा एकच शब्द असतो, पण सरकारी कागदांत त्याचे निदान तीन वेगळे अर्थ आहेत. एका हिशेबात बसणारं घर दुसऱ्यात बसेलच असं नाही.

एफएसआयच्या सवलतीसाठी घराचं बांधकाम क्षेत्र बघतात. हा फायदा बिल्डरला मिळतो. तुमच्यापर्यंत तो भावातून पोचला का, हे शेजारच्या स्कीमशी तुलना करूनच कळेल.

जीएसटीसाठी रेराच्या (गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या) व्याख्येतला कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, आणि एकूण किंमत बघतात. १ एप्रिल २०१९ पासूनच्या दरांनुसार मोठ्या महानगरांबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्का, नाहीतर निवासी घराला ५ टक्के. बडोदा त्या महानगरांच्या यादीत नाही, म्हणून आपल्याला ६० ऐवजी ९० चौरस मीटरची, म्हणजे सुमारे ९६९ चौरस फुटांची मर्यादा लागते. दोन्ही अटी एकदम पूर्ण व्हायला हव्यात. किंमत मोजताना नुसता मूळ भाव धरत नाहीत. बिल्डर घरासोबत जी एकूण रक्कम आकारतो ती धरतात. ४५ लाखांच्या घरावर १ टक्क्याने ४५,००० रुपये कर होतो. तेच घर ४६ लाखांचं झालं तर ५ टक्क्यांनी २,३०,००० रुपये. एक लाखाच्या पार्किंगने करात १,८५,००० रुपयांची वाढ! बोलणी करताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. बीयू परमिशन मिळाल्यानंतर पहिल्यांदा विकलेल्या घरावर जीएसटी नसतो, हेही विसरू नका.

तिसरा अर्थ प्रधानमंत्री आवास योजनेचा. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत, ६ लाखांपर्यंत आणि ९ लाखांपर्यंत असे तीन गट आहेत. कर्जाच्या व्याजावरची मदत हवी असेल तर घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि कार्पेट १२० चौरस मीटरपर्यंत असावं लागतं. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के व्याजमदत मिळते, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तीही हप्त्याहप्त्याने. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं ही मूळ अट आहे. जुन्या शहरातल्या पोळीत, म्हणजे गल्लीवस्तीत, असलेल्या घरात तुमच्या नावाचा हिस्सा चालत आला असेल तर अर्ज भरण्याआधी वकिलाशी बोला.

म्हणजे ४२ लाखांचं, ७० चौरस मीटर कार्पेटचं घर जीएसटीच्या लेखी परवडणारं आहे, पण आवास योजनेच्या व्याजमदतीत बसत नाही. साइट ऑफिसात ‘सबसिडी मिळेल’ म्हणाले तर कोणती, कुठल्या अटीवर, हे लिहून मागा.

एक सूचना सुपर बिल्टअपबद्दल, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागांचा वाटा धरून केलेल्या मापाबद्दल. बडोद्यात भाव अजूनही त्याच मापात बोलला जातो. तुम्ही मात्र रेराच्या कार्पेटने भागाकार करा. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. दोन स्कीमची तुलना याच एका मापाने होऊ शकते.

पाचवी पायरी: पाणी कुठून येतं, कुठे जातं

परवडणारी घरं जिथे जमीन स्वस्त तिथे होतात, आणि सखल जमीन स्वस्त मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरभर शिरलं तेव्हा कोणते रस्ते किती दिवस बंद होते हे आपल्यातल्या प्रत्येकाला आठवत असेल. वडसर, समा, अकोटा या बाजूंना घर बघत असाल तर त्या आठवणीचा उपयोग करा.

टीपीच्या नकाशात निळ्या रेषा बघा: नदी, तलाव, कांस. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या कांसा अनेक ठिकाणी बुजवल्या गेल्या किंवा वळवल्या गेल्या. नदी आणि नाल्यांपासून ठरावीक अंतर सोडूनच बांधकाम करावं लागतं. तुमच्या एफपीतून किंवा कडेने कांस जात असेल तर मंजूर नकाशात ती दाखवली आहे का ते तपासा. मग त्या रस्त्यावरच्या किराणा दुकानदाराला आणि रिक्षावाल्याला विचारा की पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवरची खूण ते बोटाने दाखवतील. पार्किंगच्या तळाची पातळी रस्त्यापेक्षा किती वर आहे, वीज मीटर आणि लिफ्टची मोटर कुठे आहे, हेही बघून घ्या.

सहावी पायरी: कागद, एकापाठोपाठ एक

इथे थांबायची गरज कमी, चुकवायची मुभा अजिबात नाही.

सातबाराचा उतारा आणि नोंदी गुजरातच्या जमीन नोंदींच्या एनीआरओआर संकेतस्थळावर बघता येतात. जमीन जुन्या शर्तीची की नव्या शर्तीची ते बघा. नव्या शर्तीच्या (सरकारी अटी असलेल्या) जमिनीला प्रीमियम भरून परवानगी लागते. मग बिनशेतीचा हुकूम. मग रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) आणि तिच्यासोबतचा मंजूर नकाशा, त्यात तुमच्या मजल्यावर किती घरं दाखवली आहेत ते मोजा. मग रेरा: ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त घरं असतील तर नोंदणी सक्तीची. गुजरेराच्या संकेतस्थळावर नकाशे, मंजुऱ्या आणि कामाची प्रगती दिसते. नोंदणीकृत बानाखत झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका, कायदा तुमच्या बाजूने आहे. बांधकामातले दोष ताब्यापासून पाच वर्षांत दिसले तर दुरुस्ती बिल्डरने करून द्यायची असते.

बीयू परमिशनशिवाय राहायला जाऊ नका. ‘पुढे इम्पॅक्ट फी (अनधिकृत बांधकाम नियमित करायची फी) भरून होऊन जाईल’ या आश्वासनावर आयुष्याची बचत ठेवायची नसते.

दस्तावेजाला, म्हणजे खरेदीखताला, स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. घर फक्त स्त्रीच्या नावावर होत असेल तर नोंदणी फी माफ आहे. ४० लाखांच्या दस्तावेजात हे ४०,००० रुपये वाचतात, शिवाय घर तिच्या नावावर होतं.

महापालिकेच्या घरांचा ड्रॉ

आवास योजनेतली महापालिकेची घरं सोडतीने मिळतात. त्यांची जागा वर सांगितलेल्या टीपीतल्या राखीव प्लॉटांतून किंवा झोपडपट्टी पुनर्वसनातून येते. जाहिरात आली की उत्पन्नाचा दाखला, पक्कं घर नसल्याचं प्रतिज्ञापत्र आणि आधार जुळलेलं बँक खातं तयार हवं. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐन वेळी सगळी बडोदेनगरी त्याच खिडकीवर असते. या घरांना ठरावीक वर्षं विक्रीबंदी असते. पॉवर ऑफ अॅटर्नीवर कोणी असं घर देऊ करत असेल तर साफ नकार द्या. नाव लागत नाही, कर्ज मिळत नाही आणि वाटप रद्द झालं तर पैसेही परत येत नाहीत.

जुनं घर विकायचं असेल, जुनी सोसायटी पाडायची असेल तर

नव्या घराचे पैसे जुन्या घरातून येणार असतील तर आणखी एक नियम आडवा येऊ शकतो. शहरातल्या बऱ्याच जुन्या भागांना १९९१ चा अशांत धारा, म्हणजे अशांत क्षेत्रांचा कायदा, लागू आहे. तिथली मिळकत विकण्याआधी कलेक्टरची परवानगी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून नव्या घराचे हप्ते ठरवताना हा काळ धरा. नाहीतर इकडचे पैसे आलेले नसतात आणि तिकडची तारीख उलटते.

मांजलपूर, कारेलीबाग, तरसाली या भागांतल्या जुन्या सोसायट्यांना मात्र शहराबाहेर जायची गरज नसेलही. इमारतीला २५ वर्षं झाली असतील आणि ७५ टक्के सभासद तयार असतील तर पुनर्विकास करता येतो. फ्लॅट मालकीच्या कायद्यात २०१८ मध्ये ही दुरुस्ती झाली. त्यासाठीही सुरुवात याच लेखातल्या पहिल्या तीन पायऱ्यांनी करा. समोरचा रस्ता, झोन आणि शिल्लक एफएसआय कळला की बिल्डर देऊ करतो तो जादा कार्पेट कमी आहे की योग्य, हे सभासदांना स्वतः ठरवता येतं.

ज्यांची जमीन टीपीत जात आहे

पादरा, सावली, वाघोडिया बाजूला आपल्यातल्या काही कुटुंबांची शेती आहे आणि नवी टीपी जाहीर झाली की घरात गोंधळ उडतो. जमीन जाते म्हणून घाईने विकू नका. १०,००० चौरस मीटरची शेतजमीन आणि रस्त्यावरचा ६,००० चौरस मीटरचा एफपी यांची किंमत वेगवेगळी असते, आणि वाढीचा मोठा वाटा थांबणाऱ्याला मिळतो.

ड्राफ्ट बनवताना प्राधिकरण मालकांची सभा घेतं. तिला जा, नकाशा बघा, आपला एफपी मूळ जमिनीपासून किती लांब फेकला गेलाय ते तपासा. विहीर, राहतं घर, जुनी झाडं नकाशात दाखवली आहेत का बघा. ड्राफ्ट प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत हरकत लेखी द्यायची असते. विकास आराखडा प्रसिद्ध झाला तर मुदत दोन महिन्यांची. हीच संधी घर घेणाऱ्यालाही आहे: तुमच्या सोसायटीचा रस्ता कापला जात असेल, बागेची जागा आकसली असेल किंवा दुर्बल घटकांची राखीव जागा नाल्याच्या काठावर, वस्तीपासून दूर टाकली असेल, तर तेही हरकतीत लिहा. अर्ज गुजरातीत लिहिणं सोयीचं. सर्व्हे नंबर, ओपी-एफपी नंबर आणि नकाशाची प्रत जोडा, दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. नगररचना अधिकाऱ्याची सुनावणीची नोटीस येईल तेव्हा तीच शिक्क्याची प्रत सोबत ठेवा.